फळं खात जा

"अज्जी, बेगा हत्तरी!" कंडक्टर कानडीत ओरडला, लवकर चढा म्हणून, आणि मागं कोण म्हातारी उभी आहे तिला आधी चढू दे म्हणून अनुसया जरा बाजूला सरकली. मागं वळून बघते तर कुणी नाही. गणेशगुडीच्या स्टॉपवर सकाळच्या थंडीत अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं एक कुत्रं होतं आणि चहाच्या गाड्यावर स्टोव्हला पंप मारणारा माणूस होता. म्हणजे अज्जी ती स्वतःच होती. पन्नाशी ओलांडून तिला अजून धड दोन वर्षं झाली नव्हती, केस कानाजवळ पांढरे होते तेवढेच, आणि हा मिसरूड फुटलेला पोरगा तिला आजी म्हणत होता. तिनं दांडा धरला, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि डावा उचलायला गेली. डावा आला नाही. तो खाली रस्त्यावर तसाच राहिला. मग एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं मांडीवरचं लुगडं मुठीत धरून तिनं तो पाय वर ओढून घेतला. कंडक्टरनं सुटकेचा निःश्वास सोडून घंटी मारली. दत्तात्रय, तिचा नवरा, केव्हाच चढून खिडकीची जागा धरून बसला होता. मांडीवर पपनसांची पिशवी घेऊन तो म्हणाला, "सावकाश गं," आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

सावकाश! सीटच्या पाठी धरत धरत त्याच्याशेजारी पोचेपर्यंत तिचं तोंड रागानं तापलं होतं. आधी तो राग कंडक्टरवर होता. ह्याची आई काय सोळा वर्षांची आहे काय, अज्जी म्हणतोय. मग बस वळण घेऊन झाडीत शिरली, सावली आत आली आणि तिच्या लक्षात आलं की पोराचं काही चुकलं नाही. त्याला जे दिसलं ते तो बोलला. तीन महिन्यांत आपण म्हातारे झालो आणि ते सगळ्या गणेशगुडीला दिसलं, फक्त शेजारी बसलेल्या ह्या माणसाला दिसलं नाही. किंवा दिसलं, आणि त्याच्या सोयीचं निघालं. हा दुसरा विचार आला तसा राग कंडक्टरला सोडून नीट जागेवर येऊन बसला. दत्तात्रय पिशवीत हात घालून पपनसं चाचपत होता. डॉक्टरला द्यायची म्हणून झाडावरची मोठी, पिवळट, जड बघून त्यानं सकाळी स्वतः काढली होती. बायकोचे पाय चालेनात हे बघायला त्याला वेळ नव्हता, पण कुठलं पपनस आतून गोड असेल हे तो नुसत्या हातावर तोलून सांगायचा.

रामनगरला दर गुरुवारी बेळगावचा डॉक्टर येतो. औषधाच्या दुकानामागं एक खोली आहे, तिथं बसतो. जोयडा, जगलबेट, कॅसलरॉक, कुठून कुठून माणसं येतात. अनुसयेची आणि त्याची गाठ पडली ती वैशाखात, गणेशगुडीच्या शाळेत फुकट तपासणी झाली तेव्हा. खरं तर तपासायचं होतं दत्तात्रयाला. किराणा दुकानात बसून बसून त्याचं पोट पुढं आलं होतं, जिना चढला की तो छातीवर हात ठेवायचा, आणि सुईला घाबरायचा म्हणून सोबतीला हिला घेऊन गेला. आलाच आहात तर तुमचंही बघू, असं म्हणून तिथल्या नर्सनं हिच्याही दंडाला रबर बांधलं. आठवड्यानं निकाल आला तो उलटा. ह्याचं रक्त लख्ख, आणि हिच्या रक्तात चरबी. अनुसयेला आधी हसू आलं. सासूनं आयुष्यभर जे तोंडानं ऐकवलं ते आता डॉक्टरनं यंत्रात घालून सिद्ध केलं! अंगावर मूठभर मांस नाही, पोटऱ्या लाकडासारख्या, दोन कळशा एकावर एक घेऊन नदीवरनं चढण चढणारी बाई ती. पण दत्तात्रय हसला नाही. आपलं रक्त चांगलं निघालं ह्याचा त्याला जो आनंद झाला तो त्यानं घरी येईपर्यंत कसाबसा दाबून धरला आणि मग चार घरं जाऊन सांगितला.

तेव्हा डॉक्टर काय म्हणाला ते तिला अक्षर न अक्षर आठवत होतं, कारण तो तिच्याशी बोललाच नव्हता. ती समोरच्या खुर्चीवर बसली होती आणि तो तिच्या डोक्यावरनं मागं उभ्या असलेल्या दत्तात्रयाशी बोलत होता. "यांना खोबरं बंद. तूप बंद, तळलेलं बंद. रात्री जेवणानंतर ही एक गोळी, कायमची. आणि फळं खात जा म्हणावं." म्हणावं! जसं काही ती पलीकडच्या गावात राहते आणि हा निरोप्या आहे. दत्तात्रयानंही मान डोलावून निरोप घेतला आणि बाहेर आल्यावर तिला पोचवला. तिनं तो पाळला. अनुसयेचा स्वभावच तसा, एकदा एखाद्या गोष्टीला मान डोलावली की त्यात खोट काढायची नाही. खोबऱ्याशिवाय आमटी केली. तिच्या माणसांत खोबऱ्याशिवाय आमटी म्हणजे आजाऱ्याचं खाणं, तरी ती केली आणि गिळली. गुलाबी गोळी रोज रात्री घेतली. आणि फळं? रामनगरच्या बाजारात सफरचंदं मिळायची, एकेक कागदात गुंडाळलेलं, पण ती इस्पितळात कुणाला बघायला जाताना घ्यायची. घरच्या माणसानं उठून सफरचंद खाणं हे त्या भागात कुणाच्या मनातही येत नाही. फळ म्हणजे जे परसात लागतं ते. पावसाआधी फणस होते, केळी होत्या. भाद्रपद आला आणि पपनसाचं झाड लगडलं.

पहिलं फळ चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात त्या माटोळीत बांधलं. दुसरं डॉक्टरला नेलं. ही चाल तिच्या माहेरची, गुंदची. तिचा बाप झाडाचं दुसरं फळ, दुसरा फणस, दुसरी काकडी औषध देणाऱ्या म्हाताऱ्या येसू वैद्याला पोचवायचा. ज्याच्या हातचं औषध खायचं त्याच्या घरी आपल्या झाडाचं जायला पाहिजे, असं तो म्हणायचा. डॉक्टरनं पपनस नाकाशी नेऊन वास घेतला होता आणि म्हणाला होता, वा, आमच्याकडं सगळ्यांना आवडतं. पुढच्या महिन्यात तिनं दोन नेली. आणि घरी? घरी ती रोज एक खायची. जेवण झालं, भांडी झाली की मागच्या दारात पाय सोडून बसायचं, जाड साल सोलायची, फोडीवरची पांढरी कातडी काढायची आणि आतले गुलाबी दाणे तोंडात टाकायचे. खोबरं गेलं, तळणं गेलं, दिवसभराच्या जेवणात जिभेला काही उरलं नव्हतं, ते सगळं ह्या आंबटगोड फळानं भरून काढलं. आंबटानं चरबी कापली जाते असंही सगळे म्हणत होते, शेजारची कमल म्हणत होती, दत्तात्रयही म्हणत होता. शेवटची फोड खाल्ली की त्यावर गोळी, आणि वर तांब्याभर पाणी. ती बाई दिवसातला तेवढा अर्धा तास सुखी असायची, हे इथं सांगून ठेवायला हवं.

दुखणं आलं ते भात कापणीच्या पहिल्या दिवसानंतर येतं तसं आलं, फक्त कापणी नव्हती. मांड्या, पोटऱ्या, मग खांदे. केसांची वेणी घालताना हात वर राहीनात, अर्ध्यात खाली आणून विसावा घ्यायला लागला. तिनं सांगितलं तेव्हा दत्तात्रय म्हणाला, वारं असंल, पावसात भिजतीस. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं दुकानातली मलमाची बाटली आणून दिली, ती उदार मनानं, तिच्यावर उपकार केल्यासारखी. तिसऱ्यांदा तिनं सांगितलंच नाही. बाईनं अंग दुखतंय म्हणणं म्हणजे पाऊस पडतोय म्हणण्यासारखं, ऐकणारा फक्त हुंकार भरतो. संडासात बसलं की उठता येईना झालं तेव्हा तिनं जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून कडीला बांधला आणि त्याला धरून उठायला लागली. दत्तात्रयानं तो पट्टा बघितला, रोज बघितला, आणि हे काय असं एकदाही विचारलं नाही. उलट एक दिवस त्यालाही तो सोयीचा वाटला असणार, कारण गाठ तिनं बांधली होती त्याहून घट्ट बसलेली तिला दिसली. आणि लघवी. कोऱ्या चहाच्या रंगाची. ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरला सांगायचं तर तो नवऱ्याला विचारणार आणि नवरा तिला, आणि लघवीसारखी गोष्ट दोन पुरुषांनी तिच्या डोक्यावरनं एकमेकांकडं फेकलेली तिला चालणार नव्हती. मागच्या महिन्यात डॉक्टरनं विचारलं, काय म्हणतायत? दत्तात्रय म्हणाला, अंग दुखालंय म्हनती. डॉक्टर म्हणाला, वय आहे, या वयात बायकांचं चालायचंच. आणि हाडांसाठी एक पांढरी गोळी वाढवली. मग पपनसं घेतली.

जगलबेट मागं पडलं. बस वळणाला कलली तसं दत्तात्रयाचं पोट तिच्या दंडावर आलं आणि तो म्हणाला, "आज सांजच्याला येसाजी येतोय." येसाजी हा त्याचा पुतण्या. "त्याला हो म्हणून टाकूया. औंदापासनं गुंदचं शेत त्यो करंल. तुला आता होत न्हाई. मानसानं मान्य करायला पायजे." माणसानं मान्य करायला पाहिजे! अनुसयेनं खिडकीतनं बाहेर झाडांकडं बघितलं. गुंदचं शेत तिचं होतं. बापाला मुलगा नव्हता, आणि भावकीतल्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून त्यानं ते तिच्या नावावर केलं होतं. रोप लावायला आणि कापायला ती दरवर्षी एकटी जायची, रुक्माच्या घरी राहायची. रुक्मा तिची लहानपणची मैत्रीण. ते आठ-पंधरा दिवस ती कुणाची बायको नव्हती, वहिनी नव्हती, दुकानदारीण नव्हती. बायकांच्या ओळीत ती पहिली असायची, तिच्या विळ्याच्या चालीवर बाकीच्या चालायच्या, आणि बांधाला पोचली की मागं वळून बघताना जे वाटायचं ते तिला दुसरीकडं कुठंही, कधीही वाटलं नव्हतं. ते तिला पाहिजे होतं. चरबी गेली काय, राहिली काय, तिला ते शेत पाहिजे होतं.

आणि ह्या कापणीला ती त्याच शेतात बसली ती बसलीच. उकिडवं बसून पहिल्या चार मुठी कापल्या, पुढं सरकायला कंबर उचलली आणि मांड्यांनी नकार दिला. पुन्हा जोर केला. हात टेकला तर हातही थरथरायला लागला. मग ती मागच्या मागं कापलेल्या भातावर बसली. ओळीतल्या बायका हसल्या, आधी. अनुसयेनं गंमत केली असं त्यांना वाटलं, कारण ती गमती करायची. मग हसणं थांबलं आणि ते थांबलेलं तिला हसण्यापेक्षा जास्त लागलं. रुक्मा विळा टाकून आली, तिच्या काखेत हात घालून म्हणाली, "थकलीस गे तू, अनुसया." त्या आवाजात माया होती आणि त्या मायेचाच तिला इतका संताप आला की तिनं रुक्माचा हात झटकला. ज्या बाईनं तिच्याबरोबर जन्मभर भात कापलं तिचा हात! बांधावर येसाजी उभा होता. तो कशाला आला होता कुणास ठाऊक, पण त्यानं बघितलं, आणि त्याच दुपारी टेलिफोन बूथवरनं दत्तात्रयाला फोन गेला की काकूला आता होत न्हाई. इतकी काळजी त्या पोरानं तिची ह्याआधी कधी केली नव्हती. उरलेले दिवस ती रुक्माच्या पडवीत बसून राहिली आणि दुसऱ्या बायकांनी तिचं शेत कापून नेलं.

रामनगरला औषधाच्या दुकानामागं, डॉक्टरच्या खोलीच्या बाहेरच्या खोलीत दोन बाकं भरून माणसं होती. दुकानातला वासू नंबराचे पत्ते वाटत होता. तिला बाकाच्या कडेला जागा मिळाली, दत्तात्रय दाराशी कुणा ओळखीच्याला गाठून दुकानदारीच्या गप्पा करायला लागला. शेजारी कॅसलरॉकचा कान्हूमामा होता, रेल्वेतनं रिटायर झालेला, उंच, हाडाचा माणूस. खांद्यावर हातोडा टाकून रूळ तपासत तो उभा घाट चालायचा, हे त्या भागात सगळ्यांना माहीत होतं. "सगळा घाट ह्या पायांनी पालथा घातलाय बग बाय," तो आपणहून म्हणाला, "आन् आता घरची पायरी सरंना झालीया. वय झालं, दुसरं काय." आणि तो हसला. त्याच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. गुलाबी. अनुसयेनं ती बघितली आणि म्हणाली, "मामा, ही मी बी खातोय." पलीकडची जगलबेटची बाई वाकून म्हणाली, "मी बी गे. माजं तर खांदं वर जाईनात." तिघांनी एकमेकांकडं बघितलं. पण मग वासूनं नंबर पुकारला आणि तो अनुसयेचा होता.

डॉक्टर खुशीत होता. दत्तात्रयानं पिशवी टेबलावर ठेवली आणि तो म्हणाला, "अरे वा, पपनसं! तुम्ही काही विसरत नाही." मग एक हातात घेऊन, सहज, गंमत सांगावी तसं दत्तात्रयाला म्हणाला, "पण यांना देऊ नका हां. या गोळीवर हे फळ चालत नाही." दत्तात्रय म्हणाला, "का हो?" "असं आता आढळलंय. या जातीच्या आंबट फळानं गोळी अंगातनं लवकर निघून जात नाही, साठत राहते. मग स्नायूंवर येतं. हातपाय दुखतात, ताकद जाते." तो हे बोलत असताना अनुसया त्याच्या हातातल्या पपनसाकडं बघत होती. रोज एक. भाद्रपदापासनं रोज एक, आणि त्यावर गोळी. तिला काहीतरी समजलं असं म्हणता येणार नाही, कारण समजणं डोक्यात होतं, आणि हे मांड्यांत झालं. दोन्ही मांड्यांत, एकदम, जणू कुणी त्यांना नावानं हाक मारली.

"कवा कळलं तुमाला?" ती म्हणाली.

डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्याचे डोळे घारे होते हे तिला आज दिसलं.

"झाले असतील दोन-तीन महिने. बेळगावात डॉक्टरांची बैठक होती, तिथं—"

"मागल्या टायमाला म्या दोन आनलोतो. ती खाल्लासा न्हवं?"

"हो. छान होती." तो अजून हसत होता, पण हसू जरा कडेला गेलं होतं.

"मग जिच्या दारात झाड हाय, ती बी खात आसंल, आसं न्हाई वाटलं तुमाला?"

डॉक्टरनं पपनस खाली ठेवलं, आणि मग तो जे म्हणाला ते त्यानं म्हणायला नको होतं. तो म्हणाला, "अहो, पण तुम्ही सांगायला पाहिजे होतं ना." आणि मागनं दत्तात्रय, तिचा नवरा, तीस वर्षांचा सोबती, ताबडतोब म्हणाला, "व्हय की. सांगायला नगो व्हय गं तू?"

राग असा असतो हे तिला माहीत नव्हतं. आत्तापर्यंतचे राग भांडी आपटायचे होते, दोन दिवस न बोलायचे होते. ह्या रागात डोकं स्वच्छ झालं. "फळं खात जा म्हनालासा," ती म्हणाली. "म्या खाल्लं. कुठलं फळ, ते इचारलासा कवा? अंग दुखालंय म्हनालो तर वय म्हनालासा. पाय उचलंना तर हाडाची गोळी दिलासा. माज्याकडनं फळ घेतलासा, आन् मलाच त्या फळाचं सांगितलं न्हाईसा. आन् आता म्या सांगायला पायजे हुतं?" मग ती तशीच पुढं म्हणाली, "लगवी कोऱ्या च्याच्या रंगाची हुतीया. दोन म्हयनं झालं."

"अगं!" दत्तात्रय म्हणाला. "काय बोलतीस कुनापुढं?"

पण डॉक्टरचा चेहरा उतरला होता. गोळी आजपासून बंद, तो म्हणाला, एकदम बंद, आणि रक्त उद्याच बेळगावला तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर मूत्रपिंडावर येतं. तो भराभर लिहायला लागला. ह्या वेळी हे सगळं तो तिला सांगत होता, तिच्याकडं बघून, अधूनमधून अहो-जाहो घालून. आदर यायला आधी मूत्रपिंडाची भीती लागली होती. "पाय येतील परत?" तिनं विचारलं. "बहुतेक येतील," तो म्हणाला. "थोडे दिवस लागतील. बहुतेक येतात." बहुतेक. ह्या भागातली गावं धरणाखाली गेली तेव्हा साहेब लोक आले होते, त्यांचाही हा शब्द आवडता होता. बहुतेक सगळ्यांचं चांगलं होईल. तिनं टेबलावर दोन्ही हात टेकले, खालचा ओठ चावला आणि उठली. डॉक्टर ते उठणं बघत होता. बघ म्हणावं. आज तरी बघ.

दाराबाहेर येता येता दत्तात्रय तिच्या कानाशी म्हणाला, "बरं झालं आज आलो ते. देव पावला. आता तू इसांती घे, शेताचं येसाजी बगंल." त्याला खरंच बरं वाटत होतं, वाईट हेच होतं. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याच्या मनात फक्त ती नव्हती. अनुसया बाहेरच्या खोलीच्या मधोमध थांबली. "येसाजीला सांगा, पाय आलं तर म्या कापीन आन् न्हाई आलं तर बांधावर बसून कापून घीन," ती म्हणाली, आणि हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की दोन्ही बाकांवरची माणसं वर बघायला लागली. त्यांची ती तोंडं. कुणी जगलबेटचं, कुणी कॅसलरॉकचं, धुतलेले कपडे घालून आलेली, मांडीवर पिशव्या घेतलेली, आपापल्या वयापुढं मान तुकवलेली. एका पिशवीच्या तोंडातनं पिवळट, गोल काहीतरी डोकावत होतं. तिला आपल्या बापाची चाल आठवली, आणि त्या चालीनं वागणारी ती एकटी नव्हती हेही कळलं.

"ही गुलाबी गोळी कोन कोन खातंय?" तिनं विचारलं.

कान्हूमामानं पट्टी वर केली. जगलबेटच्या बाईनं हात वर केला. मागच्या बाकावरचे दोघे, आणि रामनगरचा एक जाडा कापडवाला, असे पाच झाले.

"हात न टेकता उठा बगू."

"आता हे काय गे?" कान्हूमामा हसला. पण ती हसली नाही म्हणून त्यानं हात मांडीवरनं उचलले, पुढं झुकला आणि जोर केला. घाट चालून गेलेला तो माणूस बाकापासनं वीतभर वर आला, मांड्या लटपटल्या, आणि तो पुन्हा खाली बसला. त्याचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. जगलबेटची बाई तर हललीच नाही, नुसती पदराचं टोक तोंडाशी धरून बसली. मागच्या दोघांतला एक भिंतीचा आधार घेऊन उठला आणि दुसऱ्यानं प्रयत्न करून सोडला. जाडा कापडवाला मात्र टुणकन उभा राहिला आणि उभा राहिल्याबद्दल ओशाळून म्हणाला, "मला आंबट चालत न्हाई, दात शिवशिवतात." दत्तात्रयानं तिच्या कोपराला हात लावला, चल म्हणून, आणि तिनं तो हात बाजूला केला.

आतनं घंटी वाजली. वासूनं पुढचा नंबर पुकारला. तो कान्हूमामाचा होता, आणि कान्हूमामा उठला नाही. त्याला येत नव्हतं म्हणून की उठायचं नव्हतं म्हणून, ते त्याचं त्याला माहीत. घंटी पुन्हा वाजली. वासू दाराकडं बघायला लागला, माणसं अनुसयेकडं बघायला लागली, आणि शेवटी आतल्या खुर्चीचा करकर आवाज आला आणि डॉक्टर स्वतः उठून बाहेर आला.

"काय झालं?" तो म्हणाला. सवयीनं त्यानं ते दत्तात्रयाला विचारलं.

"हेनला न्हवं," अनुसया बाकांकडं हात करून म्हणाली. "ह्यास्नी इचारा. एकेकाला. काय खाता म्हनून इचारा."

डॉक्टर कान्हूमामाकडं वळला, आणि बाकावर बसलेल्या माणसाशी बोलायचं तर आपल्याला थोडं वाकायला लागतं हे त्याला नवीन असावं तसा अवघडून वाकला. "मामा, फळं कुठली खाता तुम्ही?"

"पपनस," कान्हूमामा म्हणाला. "तुमीच खा म्हनालासा, सायेब. आमच्या दारात तेच हाय."

डॉक्टर पुढं सरकला. अनुसयेच्या मांड्या आता उघड थरथरत होत्या, शेजारी बाकावर जागाही होती, आणि वासूनं तिच्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतं. राग कमी झाला नव्हता. तो कमी होऊ नये असंच तिला वाटत होतं, कारण ह्या घडीला तिला उभं धरणारं अंगात दुसरं काही नव्हतं. शेवटच्या माणसाला विचारून होईपर्यंत ती बसली नाही.